अनसूयाबाईंकडे राहिलेले माझे सूप

अनसूयाबाईंना मी पहिल्यांदा भेटले तेव्हा माझ्या हातात प्लास्टिकची फाईल होती आणि फाईलमध्ये बी.एस्सी.ची गुणपत्रिका. पोंभुर्ण्याच्या बांबू केंद्रात संगणकावर काम करणारी मुलगी हवी आहे, असे कळले होते. आमच्या घरात पदवीपर्यंत पोहोचलेली मी पहिलीच. त्यामुळे ती फाईल घेऊन मी जरा ताठच चालत होते. बाई शेडमध्ये जमिनीवर बसून बांबूच्या पट्ट्या सोलत होत्या. मी फाईल पुढे केली. त्यांनी विळा बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, “फाईल राहू दे व. हात दाखव.”

“भविष्य पाहता का बाई?” मी विचारले.

“भविष्य कोनाले दिसते? वीत पाहून राह्यली.” त्यांनी माझा पंजा पसरवून आपल्या पंजावर ठेवला. “लांब बोटं हायेत. तुह्यं सूप मोठं लागन.”

ज्यांना केंद्राची रीत माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. इथून शिकून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक मुलीला बाई स्वतः विणलेले सूप देतात, आणि ते त्या मुलीच्याच वितीने मोजलेले असते. धान्य पाखडताना सुपाच्या दोन्ही कडा हातात नीट बसल्या नाहीत, तर दुपारपर्यंत खांदे भरून येतात. बाजारात दहा सुपे एकसारखी दिसतात. बाईंनी विणलेली दोन सुपे एकसारखी नसतात.

यंदा बाईंना पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत. चौथीपर्यंत शिकलेल्या या बाईंनी किती मुलींना हातात काम दिले, हे या गौरवग्रंथात इतरांनी लिहिले असेल. मी त्यांची शिकवण्याची पद्धत जवळून पाहिली, तिच्याविषयी लिहिते. आलापल्लीकडच्या एका पाड्यावरून एक मुलगी आली होती. तिला गोंडीच बोलता येई, आणि आठ दिवस ती गोंडीतही बोलली नाही. नवव्या दिवशी बाई तिच्या शेजारी बसून गोंडीत पट्ट्या मोजू लागल्या. दोननंतर पाच, पाचनंतर पुन्हा एक. त्या मुलीला हसू आवरेना, आणि मग तिने सगळे आकडे धडाधड म्हणून दाखवले. पुढे तिचे तोंड बंद ठेवणे अवघड झाले. बाईंना गोंडी आकडे चांगले येतात, हे मला खूप नंतर कळले.

आता मला ज्यासाठी लिहायचे आहे तिथे येते.

सहा वर्षांपूर्वी पुण्यात तंत्रज्ञान आणि कलानिर्मिती या विषयावर एक परिषद होती. केंद्राला बोलावणे आले. मी संगणकावर एक प्रोग्राम तयार केला होता. त्यात टोपलीचे किंवा सुपाचे माप टाकले की किती पट्ट्या, किती रुंद, कुठे वळवायच्या, हे सगळे चित्रासह दिसत असे. त्यासाठी मी शेडमधल्या सगळ्या जणींच्या विती फूटपट्टीने मोजल्या होत्या आणि त्यांची सरासरी काढून एकच वीत ठरवली होती. मला ते फार हुशारीचे वाटले होते. बाई आणि मी बल्लारशाहून गाडीत बसलो. बाईंनी सोबत पट्ट्यांची मोळी, विळा आणि दोन दिवसांच्या भाकरी घेतल्या होत्या.

पहिल्या दिवशी आम्ही प्रदर्शन पाहत फिरलो. एका तरुणाचे यंत्र मिनिटाला शेकडो नक्षी काढत होते. बाई बराच वेळ पाहत राहिल्या.

“यातली ठेवाची कोन्ती, ते कोन सांगते?” त्यांनी विचारले.

“ते तुम्हीच सांगायचं, आजी,” तो हसून म्हणाला.

“मंग बाप्पा, खरं काम तं माह्याच गळ्यात पडलं की!”

आजूबाजूचे हसले. तो तरुणही हसला, पण त्याने खिशातून वही काढून ते लिहून घेतले. मी लिहून घेतले नाही. मला थोडा संकोच वाटत होता. बाईंनी जरा हळू बोलावे, असे वाटत होते. हे लिहिताना आज मान खाली जाते.

दुसऱ्या दिवशी सकाळी, चहा घेताना, मी बाईंना माझ्या प्रोग्राममधले सुपाचे चित्र दाखवले. त्यांनी पडद्यावर आपली वीत ठेवून पाहिली.

“हे कोनाच्या हातचं हाये?”

“सगळ्यांच्या,” मी म्हटले.

“सगळ्यांचा हात मी आजपावेतो पाह्यला नाई व. ज्या बाईले सूप द्याचं, तिची वीत कुठी लिहाची यात?”

“बाई, इथं तसं चालत नाही,” मी म्हणाले. “तुम्हाला नाही कळणार.”

बाईंनी बशीतला चहा संपवला आणि कप विसळायला उठल्या.

माझे भाषण बारा मिनिटांचे होते. ते चांगले झाले, टाळ्याही पडल्या. मग तिसऱ्या रांगेतल्या एक बाई उठल्या. त्या खुर्च्या आणि टेबले तयार करण्याच्या कामात होत्या. त्यांनी शांतपणे विचारले, “ही वीत कोणाची धरली आहे?”

सरासरी, असा शब्द तोंडात आला आणि तिथेच राहिला. सकाळचा प्रश्नच पुन्हा समोर उभा होता.

तेव्हा बाई पहिल्या रांगेतून उठल्या. पायरीशी चपला काढल्या, शेडमध्ये शिरताना काढतात तशा, आणि वर आल्या. माझ्या हातातला माईक घेतला.

“चूक माही हाये,” त्या म्हणाल्या. “वीत हातागनिक बदलते, हे मी पोरीले सांगितलंच नाई. ती संगनकाची. तिले काऊन माहीत असन?”

मग त्यांनी प्रश्न विचारणाऱ्या बाईंना वर बोलावले, त्यांचा पंजा पसरवून आपल्या पंजावर ठेवला आणि तिथेच बसून सुपाच्या पहिल्या पट्ट्या लावून दाखवल्या. लोक खुर्च्या सोडून पुढे आले. नंतर सगळे त्याच दहा मिनिटांविषयी बोलत होते. आणि मला भेटलेल्या प्रत्येकाने म्हटले, माहितीच मिळाली नव्हती, तुझा काय दोष. त्यांच्यातल्याच एकांनी मला पुण्यात नोकरी देऊ केली.

परतीच्या गाडीत मी विचारले, “बाई, तुम्ही असं काऊन म्हटलं?”

त्या खिडकीबाहेर पाहत होत्या. “तुले अजून तिथी उभं राहाचं होतं. मले तं घरीच याचं होतं.”

केंद्रात ही गोष्ट आमच्याआधीच पोहोचली होती. शेडमध्ये विणकाम करणाऱ्या मंगलाबाईंनी दारातच गाठले. “काय व बाई, पुन्याची हवा लागली आन् वीतच सांगाची विसरल्या?”

“वय झालं न मंगला,” बाई म्हणाल्या.

सगळ्या हसल्या. मी चहाचा पेला हातात धरून उभी होते. एक वाक्य बोलायचे होते. मी ते बोलले नाही. ‘बाई विसरल्या’ ही केंद्रातली नेहमीची थट्टा झाली. अजूनही फोनवर कोणीतरी ती करते, आणि मी इकडून हसते.

म्हणून या ग्रंथात, बाईंना मानणाऱ्या सगळ्यांसमोर लिहिते. बाई विसरल्या नव्हत्या. त्यांनी मला त्याच दिवशी सकाळी सांगितले होते. खरे तर पहिल्या भेटीतच, माझा पंजा हातात घेऊन सांगितले होते. मी ऐकले नाही. चूक माझी होती, आणि माझी नोकरी बाईंनी आपल्या नावावर घेतलेल्या त्या चुकीवर उभी आहे.

त्या परिषदेतून मी वह्या भरून टिपणे आणली होती. त्यातली बरीचशी आज जुनी झाली, यंत्रे बदलली. उरले ते बाईंचे दोन प्रश्न. मी आता शेतीच्या अवजारांचे आराखडे करते. विळे, खुरपी, फवारणीचे पंप. प्रत्येक आराखड्याच्या वरच्या कोपऱ्यात मी आधी एका माणसाचे नाव लिहिते, ज्याचा हात मी स्वतः मोजला आहे त्याचे. सोबतचे हसतात. आणि पडद्यावर वीस नमुने आले की मी यंत्राला विचारत नाही, ठेवायचा कोणता. ते काम माझ्या गळ्यात आहे. भर सभेत उत्तर आले नाही, तर आता सरळ म्हणते, माझे चुकले. जिथे ते पहिल्यांदा म्हणायला हवे होते तिथे म्हणायला मात्र मला सहा वर्षे लागली, आणि ते आज म्हणते आहे.

मी केंद्र सोडले तेव्हा बाई म्हणाल्या होत्या, “चार दिवस थांब. सूप होऊन जाईन.” मी नोकरीवर लवकर रुजू व्हायचे कारण सांगितले. ते खोटे होते. माझ्याच्याने त्यांच्यापुढे हात पसरवला गेला नसता.

पुण्यात तांदूळ निवडलेला, पाखडलेला मिळतो. माझ्या खोलीत सुपाचे काही काम नाही. तरी कधी एखाद्या दुकानासमोर ओल्या बांबूचा वास येतो आणि पाय तिथेच थांबतात. शेडमधली सोलल्या पट्ट्यांची सळसळ, कोणाची तरी थट्टा, आणि सगळ्यांच्या मधोमध मान खाली घालून बसलेल्या बाई, हे सगळे मला त्या एका वासात दिसते. मी हात उघडून आपलीच वीत पाहते. तिच्या मापाचे सूप अजून विणायचे राहिले आहे.

बाईंच्या बोटांना बळ राहो, नजर अशीच सुईसारखी राहो, आणि अजून पुष्कळ मुलींचे पंजे त्यांच्या पंजावर टेकोत, ही माझी मनापासूनची इच्छा. मंगलाबाई, सत्काराच्या दिवशी हा लेख मोठ्याने वाचा. मी तिथेच असेन. वाचून झाला की बाईंसमोर जमिनीवर बसेन आणि हात पुढे करेन.

बाई, या वेळी फाईल आणणार नाही.