टीव्हीवरचा जर्मन साहेब

काल नातसुनेनं टीव्ही लावला, तर त्यात जर्मनीचा एक लष्करी साहेब दाखवत हुते. आदी शाळंतला, मग घोड्यावरचा, मग लढाईतला. दर फोटोत छातीवरची पदकं वाढलेली. शेवटी खुर्चीत बसल्याला म्हातारा, अन् शेजारी त्याची लेक, माझ्याच सालात जल्मल्याली असंल.

"आज्जी, ह्यांच्याशीच लढले ना तुमचे वडील?"

"व्हय गं, इटलीत. तितंच गेलं. मी आईच्या पोटात हुते."

माझ्या बापाचा एकबी फोटो न्हाई. सरकारनं चांदीचं एक पदक धाडलं हुतं. आईनं ते सोनाराकडनं वितळवून देव्हाऱ्यात ठेवाया बापाचा टाक करून घेतला. सोनाराकडं ठसा एकच, त्यामुळं गावात मेलेल्या समद्या गड्यांच्या टाकावर त्योच घोडेस्वार. त्यालाच बाप म्हणून रोज गंध लावत आले. कधी कुरकुरले न्हाई. पर काल त्या साहेबाच्या लेकीवर लई जळले बगा.

नातसुनेनं माझं त्वांड बघितलं. म्हणाली, "बंद करू का?"

"नगं गं. म्हातारा बाप कसा दिसतो, त्ये तरी बघू दे."