दोन्ही नावं असलेला कागद

"ही त्याची पहिली बायको असेल," बेथन म्हणाली.

मी आधी कागदांकडे पाहिलं, मग बेथनकडे. मंगळवार होता. एनरोलमेंटचा आठवडा सुरू होता आणि माझ्या खोलीबाहेरची रांग रिसेप्शनपर्यंत गेली होती. आधीच उल्हास, त्यात हा फाल्गुनमास.

"अगं, एकच बाई आहे ही."

"वॅस, पासपोर्टवर सानिका नितीन ढमाले. दहावीच्या सर्टिफिकेटवर छाया रंगनाथ वाबळे. पहिलं नाव वेगळं, मधलं वेगळं, आडनाव वेगळं. मॅरेज सर्टिफिकेटवर नितीनची बायको छाया, पासपोर्टमध्ये नितीनची बायको सानिका. तूच सांग, मी काय समजायचं?"

मी इंग्लंडातल्या लेस्टरच्या एका एफ.ई. कॉलेजात अ‍ॅडव्हायझर आहे. एफ.ई. म्हणजे फर्दर एज्युकेशन. शाळेच्या पलीकडचं, युनिव्हर्सिटीच्या अलीकडचं. इथे प्लंबिंग शिकणारी सोळा वर्षांची पोरं असतात आणि इंग्रजी शिकणाऱ्या साठीच्या आज्याही. कोणी कुठल्या कोर्सला जावं हे सांगणं आणि माणूस जिथे अडकेल तिथून त्याला सोडवणं, हे माझं काम. माझं नाव वसंत. कॉलेजात पहिल्याच आठवड्यात त्याचं 'वॅस' झालं आणि मीही ते चालवून घेतलं.

बेथन माझी मॅनेजर. वेल्सची, पन्नाशीची, बोलायला सरळ. बाई मनाने वाईट नाही, पण पूर्वी एकदा कोणीतरी चुलत बहिणीच्या सर्टिफिकेटवर प्रवेश घेतला होता आणि ऑडिटर लोकांनी बेथनला धारेवर धरलं होतं. तेव्हापासून ती ताकही फुंकून पिते.

आता सानिकाताईंबद्दल. वय एक्केचाळीस, बेलग्रेव्ह रोडच्या मागच्या गल्लीत घर. आठ वर्षं एका केअर होममध्ये केअर असिस्टंट. म्हणजे म्हाताऱ्यांना अंघोळ घालणं, भरवणं, कूस बदलून देणं. त्यांना नर्स व्हायचं होतं. त्यासाठी आमच्याकडे 'अ‍ॅक्सेस' नावाचा एक वर्षाचा कोर्स आहे. शाळा सोडून जमाना झालेल्या लोकांना युनिव्हर्सिटीच्या दारापर्यंत नेणारा. इंग्रजीची परीक्षा त्या कॉलेजातच देऊन पास झाल्या होत्या. गणितासाठी मात्र त्यांचं दहावीचं सर्टिफिकेट लागणार होतं, कारण पुढे युनिव्हर्सिटीही तेच मागते. सर्टिफिकेट चाललं नाही, तर आधी वर्षभर गणित, मग अ‍ॅक्सेस. त्यांच्यासाठी ठेवलेली जागा शुक्रवारी चार वाजेपर्यंतच होती.

वर्षभराने काय बिघडतं, असं कोणी म्हणेल. बिघडत होतं. केअर होमच्या मॅनेजरने फक्त या वर्षासाठी त्यांना शनिवार-रविवारच्या शिफ्ट दिल्या होत्या. पुढच्या वर्षी ती मेहेरबानी नव्हती. म्हणजे आत्ता नाही तर बहुतेक कधीच नाही.

मी बेथनला समजावायला बसलो. आमच्याकडे लग्नात मुलीचं आडनाव बदलतं. मधलं नाव वडिलांचं असतं, ते जाऊन नवऱ्याचं येतं. आणि कित्येक घरांत पहिलं नावही बदलतात. नवरा ताटात तांदूळ पसरतो आणि अंगठीने त्यात नवीन नाव लिहितो.

"तांदळात?"

"तांदळात."

"आणि ते नाव ठरवतं कोण?"

"नवरा. सासूबाई. घरचे."

"तिला कोणी विचारतं?"

"तशी पद्धत नाही."

"तुझ्या बायकोचं बदललं होतंस?"

"बेथन, बाहेर रांग आहे."

ती हसली नाही. मी दुसरा मुद्दा काढला. शाळा सोडल्याच्या दाखल्यावरची आणि पासपोर्टवरची जन्मतारीख एकच होती, एक जून. बेथनने डोळ्यांवरचा चष्मा डोक्यावर नेला. "वॅस, तुझ्या देशातून आलेल्या चाळिशीच्या पुढच्या निम्म्या बायका एक जूनला जन्मलेल्या असतात. मला वाटायचं, त्या दिवशी तुमच्याकडे काही सण असतो."

आता तिला काय सांगू? शाळेत नाव घालताना तारीख माहीत नसली की गुरुजी एक जून टाकायचे. माझ्या थोरल्या भावाचाही वाढदिवस एक जूनलाच असतो. आईच्या म्हणण्याप्रमाणे त्याचा जन्म ऐन थंडीतला.

"शपथपत्र चालेल?" मी विचारलं. "सॉलिसिटरसमोर करून आणतील."

"ते पुन्हा तिचंच म्हणणं झालं. मला असा एक कागद दे, सरकारी, ज्यावर दोन्ही नावं शेजारी आहेत. एकच दे. मी स्वतः सही करते."

बुधवारी सानिकाताई लंच ब्रेकमध्ये धावत आल्या. अंगात केअर होमचा निळा ट्यूनिक, छातीवर बॅज. बॅजवर लिहिलं होतं 'सोनिया'.

"हे काय?"

"तिथल्या आज्ज्यांना सानिका म्हणता येत नाही, सर. मॅनेजरने सोनिया करून टाकलं."

"तो आधी काढून पर्समध्ये टाका. बेथनने तिसरं नाव पाहिलं तर माझं काही खरं नाही."

त्या हसल्या आणि बॅज काढला. मी 'पहिली बायको' हे प्रकरण शक्य तितक्या सौम्य शब्दांत सांगितलं. हसू गेलं. डोळे भरले. "एकोणीस वर्षं संसार केला सर, आणि मीच माझी सवत?"

मला त्या क्षणी बेथनचा, तांदळाचा, ताटाचा, सगळ्यांचाच राग आला. पण रागाने फॉर्म भरला जात नाही. मी एकेक कागद विचारत गेलो. नावबदलाचं गॅझेट? केलंच नव्हतं. पासपोर्टच्या वेळचं अ‍ॅफिडेव्हिट? ते एजंटकडे राहिलं आणि एजंट आता या जगात नाही. लग्नपत्रिकेवर फक्त छाया. रेशन कार्डावर फक्त सानिका.

"पण मुळात नाव बदललं कशासाठी?"

"घरात आधीच एक छाया होती ना. माझी मोठी नणंद. सासूबाई म्हणाल्या, एका हाकेला दोघी ओ देतील."

मी उगाच विचारल्यासारखं विचारलं, "माहेरी कोण असतं?"

"आई, दादा, वहिनी. वडील सहा वर्षांपूर्वी गेले."

"शेती?"

"होती की. दादाच्या नावावर केली. तेराव्याला गेले होते, तेव्हाच सही करून आले."

मी खुर्चीत ताठ बसलो. "हक्कसोडपत्र केलंत?"

"हो. तालुक्याला, रजिस्ट्रार ऑफिसात. फोटो काढला, अंगठा घेतला."

हक्कसोडपत्र म्हणजे बहिणीने बापाच्या जमिनीतला आपला वाटा भावाला लिहून देणं. वारस म्हणून सातबाऱ्यावर लागते ती माहेरची मुलगी, आणि सहीला येते ती सासरची सून. दोघी एकच आहेत हे लिहिल्याशिवाय रजिस्ट्रार पुढे सरकतच नाही. आपली माणसं जमिनीच्या बाबतीत कधी ढिलाई करत नाहीत.

"कॉपी आहे?"

"माझ्याकडे कशी असेल? दादाकडे आहे."

त्यांनी तिथेच फोन लावला आणि घाईत स्पीकरवर टाकला. दादाचा आवाज आधी मोकळा होता. कागदाचं नाव काढताच तो बदलला.

"तो कशाला पाहिजे गं?"

"कॉलेजला."

"कॉलेजला जमिनीचा कागद? वकील बिकील लावलास का? स्पष्ट सांग. नितीनरावांचं काही म्हणणं आहे का?"

"दादा, जमीन तुझीच आहे. मला फक्त त्यावरचं माझं नाव पाहिजे."

"बघतो," असं म्हणून त्याने फोन ठेवला. सानिकाताईंचा ब्रेक संपला होता. जाताना त्यांनी बॅज परत लावला.

'बघतो' या शब्दावर माझा मुळीच विश्वास नाही. आपल्याकडे नकार द्यायची ती सभ्य पद्धत आहे. गुरुवारी सकाळी मी फोन पाहिला, काही नाही. दुपारी जेवताना पाहिला, काही नाही. तोवर वेटिंग लिस्टवरच्या पहिल्या उमेदवाराचा दोनदा फोन येऊन गेला. त्या मुलाचाही काही दोष नव्हता.

तीनला सानिकाताईंचा मेसेज आला. सहा पानांचे सहा फोटो, फुलाफुलांच्या चादरीवर ठेवून काढलेले, प्रत्येकाच्या कोपऱ्यात दादाचा अंगठा. खाली दादाने लिहिलं होतं, 'ट्रंकेच्या तळाशी होता. तुझी वहिनी ओरडली मला. तुझा फोटो काय बरोबर आला नाही पहिल्या पानावर.'

माझा जीव भांड्यात पडला.

बेथनपुढे फोन धरून मी वाचून दाखवलं, "लिहून देणार सौ. सानिका नितीन ढमाले, माहेरचे नाव कु. छाया रंगनाथ वाबळे." शेजारी फोटो, फोटोखाली अंगठ्याचा ठसा, आणि पानोपानी सरकारी शिक्के. एवढे शिक्के पाहून बेथनचा चेहरा खुलला. इंग्रज असो की वेल्श, शिक्क्यापुढे सगळे सारखेच.

"पण भाषांतर तू करायचं नाहीस. सर्टिफाइड पाहिजे."

लंडनमध्ये ईलिंगला एक मराठी बाई हे काम करतात. अधिकृत ट्रान्सलेटर. मी त्यांना अक्षरशः गळ घातली. शुक्रवारी दुपारी बाराला सही-शिक्क्यासकट भाषांतर आलं. बेथनने ते सावकाश वाचलं, एका ठिकाणी थांबली आणि मोठ्याने म्हणाली, "आऊट ऑफ नॅचरल लव्ह अँड अफेक्शन, विदाउट एनी कन्सिडरेशन. म्हणजे?"

"म्हणजे प्रेमापोटी, काहीही न घेता."

"आख्खा वाटा? काहीही न घेता?"

"हो."

"मग तिला मिळालं काय?"

"त्या वेळी काही नाही," मी म्हणालो. "आज अ‍ॅक्सेसची सीट."

बेथनने पेन उचललं आणि सही केली. मग म्हणाली, "त्या मिसेस ढमालेंना माझ्यातर्फे सॉरी सांग. पहिल्या बायकोबद्दल." मी म्हटलं, तूच सांग. तिने बाहेर जाऊन खरंच सांगितलं. सानिकाताई इतक्या गोंधळल्या की त्यांनीच उलट दोनदा सॉरी म्हटलं.

साडेतीनला आम्ही एनरोलमेंटचा फॉर्म भरायला बसलो. त्यात नावाखाली एक छोटा रकाना असतो, 'नोन अ‍ॅज'. कॉलेजात तुम्हाला कोणत्या नावाने हाक मारायची, एवढाच त्याचा अर्थ. बापजन्मात तो कोणी भरत नाही, आणि माझा हात नेहमीप्रमाणे तिथे गेला. "तो सोडून द्या. पुढे पत्ता लिहा."

त्यांनी सोडला नाही. पेन टेकवून थोडा वेळ बसल्या, मग कॅपिटल अक्षरांत सावकाश लिहिलं. छाया.

"चालेल ना सर? लिगल नाव वरती आहेच."

"चालेल की."

"दहावीला गणितात अठ्ठ्याहत्तर होते सर. ते छायाचे आहेत." आणि मग नाक पुसून हसत म्हणाल्या, "इथे काही माझी नणंद नाही."

संध्याकाळी घरी जाऊन मी बायकोला सगळं सांगितलं. तिचं माहेरचं नाव मंदा. नीलिमा हे मी लिहिलं होतं, तांदळात, आणि वर अक्षर चांगलं आलं म्हणून मिरवलंही होतं. विचारलं, "तेव्हा तुला विचारलं असतं तर?"

ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "नाही म्हटलं असतं. म्हणून तर विचारलं नाहीत."

"मग आता मंदा म्हणू?"

"आता नको. आता मंदा म्हणालात तर वाटेल, पहिल्या बायकोला हाक मारताय."

मला बरं वाटलं नाही, आणि वाटायलाही नको होतं.

छाया ढमाले त्या वर्षी अ‍ॅक्सेस पास झाल्या. आता लेस्टरमध्येच नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहेत. हॉस्पिटलच्या बॅजवर काय लिहायचं ते त्यांना पहिल्याच दिवशी विचारलं गेलं आणि त्यांनी उत्तर द्यायला वेळ घेतला नाही. नितीनराव घरी सानिकाच म्हणतात. दादाने नंतर फोन करून विचारलं होतं म्हणे, की सुईबिई टोचायला शिकलीस की नाही, आईला दाखवायचंय.

बेथनने आमच्या चेकलिस्टमध्ये हक्कसोडपत्राची एक नवीन ओळ घातली आहे, 'रिलीज डीड, इंडिया, अ‍ॅक्सेप्टेड'. आणि 'नोन अ‍ॅज'चा रकाना मी आता कोणालाही सोडून द्यायला सांगत नाही. काही जणी पटकन पुढे जातात, काही जणी पेन धरून बसून राहतात. रांग लांबते. लांबू दे.

बाकी धंद्यातला धडा म्हणाल तर एवढाच, की माहेरी सह्या करून आलेल्या सगळ्या बायकांना मी आता पहिल्यांदा एकच गोष्ट सांगतो. ताई, हक्क सोडलात तर सोडलात, कागदाची कॉपी सोडू नका.