जेट्टीच्या उतारावर

स्कूटरचं लायसन्स मिळून वर्ष झालं, तरी मी ती मुरूडच्या आमच्या देवळामागच्या मैदानाबाहेर नेली नव्हती. पूर्ण जमल्याशिवाय रस्त्यावर जायचं नाही, असं ठरवलं होतं. मी शिवणकाम करते. टीप जराशी वाकडी गेली तरी अख्खी बाही उसवते. गाडीचंही तेच.

थोरल्या नणंदेच्या लेकीचं डोहाळजेवण होतं, दिघीच्या पुढच्या गावात. नवरा कामावर गेलेला, आणि सांगून ठेवलेली रिक्षा आलीच नाही. नणंद करंज्यांचा डबा घेऊन दारात उभी.

"वयनी, तुझी गाडी हाय ना?"

"वन्सं, मला अजून नीट येत नाही."

"मला तर अजिबात येत न्हाय. चल."

आगरदांड्याच्या जेट्टीपर्यंत बरी गेले. वाटेत खाडी दिसायला लागली तेव्हा तर मला चक्क मजा वाटत होती. पण फेरीबोटीत चढायचा उतार ओला होता. मागून टेम्पोने हॉर्न वाजवला, मी घाबरून करकचून ब्रेक दाबला आणि आम्ही दोघी गाडीसकट आडव्या झालो. डबा उघडला, निम्म्या करंज्या चिखलात.

"येत नाही तर आणता कशाला?" टेम्पोवाला ओरडला.

लोकांनी आम्हाला उठवलं, कुणीतरी गाडी बोटीत नेऊन लावली. मी त्यांचे आभारसुद्धा मानले नाहीत. टेम्पोच्या आडोशाला जाऊन पाण्याकडे तोंड करून उभी राहिले. साडीला चिखल, कानशिलं तापलेली. कोण कोण हसलं असेल, मुरूडला जाऊन कोण काय सांगेल, एवढंच डोक्यात.

नणंद मात्र बाकावर बसून डब्यात उरलेल्या मोडक्या करंज्या शेजारच्या बायांना वाटत होती. "आत्ता पडलो त्या आम्हीच. घ्या, चव बिघडलेली न्हाय." मला वाटलं, ही गप्प का बसत नाही!

पलीकडची दिघी आली. मी म्हटलं, "वन्सं, गाडी वर कुणालातरी न्यायला सांगू या."

"मी तुझ्याच मागं बसणार," ती म्हणाली आणि बसलीसुद्धा.

दोन्ही पाय जमिनीला घासत, गाडी डुगडुगत, मी चढ चढले. टेम्पोवाला मागे थांबून राहिला होता. त्याच्याकडे बघायची माझी हिंमत झाली नाही.

थोडं पुढे एका वडाखाली थांबलो. नणंद उतरताना लंगडली. पातळ वर केलं तर गुडघा सोलवटलेला, रक्त वाळून काळं पडलेलं.

"वन्सं! बोलला का नाहीत?"

"तू लाजण्यात गुंतली होतीस. म्हटलं, होऊ दे तुझं."

ती हसत होती. मला मात्र खाली बघवेना नि वर बघवेना. खाडी ओलांडून होईपर्यंत मी तिला एका शब्दाने विचारलं नव्हतं, लागलं का म्हणून. चारचौघांत पडल्याची लाज त्यापुढे काहीच नव्हती.

बाटलीतल्या पाण्याने मी तिचा गुडघा धुतला. रुमाल बांधला, तो सैलच बसला.

दुसऱ्या दिवशी परतताना तिने समुद्राकडे जाणारी एक कच्ची वाट दाखवली. "हिकडं कधी गेले न्हाय मी," म्हणाली. मी गाडी वळवली. सुरूच्या बनात चाक वाळूत रुतलं. जाळी विणत बसलेले दोघं आमच्याकडे टक लावून बघत होते. कानशिलं पुन्हा तापली. तरी मी त्यांना हाक मारली, "दादा, जरा ढकलायला या ना."