नानांचा साक्षीदार

नाना मिस्तरी भिंतीला कान लावत. आधी बोटाच्या पेराने टकटक करायची, मग डोळे मिटून ऐकायचं आणि कळलेलं स्वतःपाशीच ठेवायचं. विचारलं तर उत्तर ठरलेलं, "भिंतले इचार, माले काय इचारस?" मी देवपूरच्या कॉलेजात इमारतींचंच शास्त्र शिकवते. हे ऐकून माझा पारा चढायचा.

आमची गाठ पडली चोपड्याकडच्या एका जुन्या दगडी चर्चमध्ये. वेदीवरच्या कमानीला तडा गेला होता. कमान पाडून काँक्रीटची तुळई टाकायची, असं कमिटीत ठरल्यातच जमा होतं. बाकी होती फक्त तज्ज्ञ म्हणून माझी सही. कमानीवर कोरलेल्या वेलीची मी अहवालात 'द्राक्षवेल, युरोपीय शैली' अशी ऐटबाज नोंद केली होती. नानांनी शिडीवर चढून एक पान चाचपलं आणि ते हसायलाच लागले. "द्राक्षं कोठे, ताई? हाऊ कापूस शे. हाई बोंड देख!"

खरंच, उमललेली बोंडं होती. कोरणाऱ्याला कुणी द्राक्षं सांगितली असतील, पण बिचाऱ्याने ती कधी पाहिली नसावीत. बायबलातली वेल खानदेशात येऊन कापूस झाली होती. त्या क्षणापासून ती कमान मला हवी होती, आणि म्हणूनच ती पाडावी लागेल अशी धास्तीही वाटू लागली.

तडा वाढतोय की नाही हे पाहायला नाना त्यावर आडवी काचेची पट्टी बसवत. भिंत हलली की काच फुटते. तिला ते साक्षीदार म्हणत. त्यासाठी ते दोन दिवस चुना मळत बसले. मला कुठला धीर? ते जेवायला गेल्यावर मीच सिमेंटने पट्टी चिकटवून मोकळी झाले.

आठव्या दिवशी काच फुटलेली दिसली. पाळकांनी कमान पाडायचा कागद माझ्यापुढे सरकवला. मी पेन उघडलं.

"सही करू नको!" नाना शिडीवरून ओरडले. त्यांनी नखाने काचेची कड खरवडली. "सिमिट कोनी लायं?"

सगळे एकमेकांकडे पाहू लागले. "मी," मी म्हटलं. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. भिंत हललीच नव्हती. सिमेंट सुकताना आखडलं होतं.

"तुनी साक्षीदारच फोडी टाका, ताई," नाना म्हणाले. रागावले मात्र नाहीत.

चुन्यात बसवलेली नवी काच सगळा पावसाळा शाबूत राहिली. मग नानांनी कमानीला टेकू देऊन तडा चुन्याने भरला, काच मात्र तशीच ठेवली. टेकू काढायच्या दिवशी आम्ही अंगणात श्वास रोखून उभे, आणि नाना कमानीखाली स्टूल टाकून बसलेले! "नाना, बाहेर या!" माझा आवाज फाटला. त्यांच्या माणसांनी शेवटचा टेकू ओढला. थोडी माती सांडली. पुढे काहीच झालं नाही. नाना डोळे मिटून ऐकत होते.

त्यानंतर दर रविवारी त्यांचा फोन यायचा. ना ख्यालीखुशाली, ना काही. "साक्षीदार काय म्हनस?" मी पाळकांना विचारून कळवायची. शेवटी अंथरुणाला खिळले तरी प्रश्न तोच.

यंदाच्या उन्हाळ्यात नाना गेले. फोन नसलेला पहिला रविवार मला घरी काढवेना, म्हणून मी चोपड्याची एसटी पकडली. प्रार्थना संपून लोक पांगल्यावर कमानीखाली उभी राहिले. वर कापसाची बोंडं, खाली ती बोटभर काच. जन्मात कधी अहिराणी न बोललेली मी भिंतीला कान लावला आणि म्हटलं, "अख्खा शे, नाना."