मारेगावचा रस्ता आणि आमची काळी गाडी

"तिले बसनंच जाऊ दे. ते पोरगी काही बोलत नाई. गाडीवर मात्र धूळ लगेच दिसते!"

हे वाक्य माझ्या सासऱ्यांचं. ते सांगत होते सासूबाईंना. मी ऐकायला नको होतं, पण मी ओट्याखाली डब्यातून कणीक काढायला वाकले होते आणि खिडकी उघडी होती. लग्नाला तेव्हा जेमतेम तीन आठवडे झाले होते आणि मला पहिल्यांदा माहेरी, मारेगावला, जायचं होतं.

वाईट वाटलं का? वाटलं. पण हसूही आलं. मी बोलत नाही आणि काळ्या गाडीवर धूळ दिसते. दोन्ही मुद्दे बरोबर!

कमी बोलणाऱ्या माणसाचा एक फायदा असतो. घरातले लोक त्याच्यासमोर बिनधास्त वागतात. मग किस्से आपोआप साठत जातात, स्वयंपाकघरातल्या दारामागे एका पिशवीत बाकीच्या पिशव्या साठतात तसे. माझ्याकडे सहा महिन्यांत बरेच साठले. सगळे एकाच गाडीचे.

गाडी आमच्या लग्नाच्या आधी नागपूरहून घेतलेली. जुनीच, पण रंग काळाभोर. आमच्याकडे सासऱ्यांना मामाजी म्हणतात. मामाजींचं म्हणणं असं, की आपल्या आर्णीत गाड्या पुष्कळ हायत, पण चमक कोणाच्याच गाडीले नाई. आपल्या गाडीले पाह्यजे. तीही घरच्या घरी, आपल्या हातानं, आणि टिकणारी! मामाजी, सासूबाई आणि माझा नवरा वैभव, तिघं मिळून त्या कामाला लागले. मी चौथी. माझं काम बादल्या भरणं आणि बघणं.

*

पहिलं पॉलिश भर मे महिन्यात झालं. वैभवनं मोबाइलवर पाच-सहा व्हिडिओ पाहिले, बाटली आणली आणि दुपारी बारा वाजता अंगणात, यवतमाळ जिल्ह्याच्या त्या उन्हात, बोनेटपासून डिक्कीपर्यंत सगळ्या गाडीला पॉलिश फासलं.

व्हिडिओत सांगितलं होतं, वाळू द्या, मग पुसा.

"वायू दे मग," मामाजी म्हणाले, "तोवर जेवून घेऊ."

जेवण झालं. आंबरस होता, त्यामुळे झोपही झाली. साडेतीनला सगळे बाहेर आले तर गाडी पांढरी! चुना मारल्यासारखी. नखानं खरवडलं तरी निघेना. दोन दिवस बापलेक घासत होते.

सासूबाई दारात उभ्या राहून शांतपणे म्हणाल्या, "काय रे वैभव, आपण काया रंगाची घेतली होती ना?"

बाटलीच्या मागे बारीक अक्षरात 'सावलीत, थोडं थोडं लावा' असं लिहिलं होतं. मी वाचलं होतं. मला कोणी विचारलं नाही!

आणि गाडीची अशी अवस्था म्हटल्यावर मारेगावला मी बसनं गेले. यवतमाळला बदलून.

*

मग शोध लागला की चमक पॉलिशमध्ये नसते, फडक्यात असते. घरातलं सगळ्यात मऊ कापड कोणतं यावर चर्चा झाली. सासूबाईंची जुनी साडी झाली, मामाजींचं धोतर झालं. शेवटी सगळ्यांची नजर आमच्या खोलीतल्या कपाटावर गेली.

तिथे माझ्या रुखवतातले दोन हंस होते. टॉवेलचे. माझ्या मावशीनं तीन संध्याकाळ बसून घड्या घातलेले, डोळ्यांच्या जागी मोती लावलेले.

वैभव माझ्याजवळ येऊन घुटमळला. "अवं, ते हंस... नुसतेच बसून राह्यले ना?"

मी मान हलवली. त्यानं ती होकारार्थी धरली.

एक हंस गेला. त्यानं गाडीचं पाणी इतकं सुरेख टिपलं, की मामाजी दोनदा म्हणाले, "माहेरचा माल चांगला हाय!" संध्याकाळी सासूबाई आमच्या खोलीत आल्या, उरलेल्या हंसाकडे बराच वेळ बघत राहिल्या आणि हळहळून म्हणाल्या, "एकटा बरा नाई दिसत बिचारा."

मला वाटलं, पहिला परत येणार.

त्यांनी दुसराही नेला!

*

आमच्या बोअरचं पाणी क्षाराचं. गाडी धुऊन वाळली, की तिच्यावर पांढरे ठिपके उमटतात. सासूबाईंनी आधी लिंबू चोळून पाहिलं, कारण तांब्याच्या भांड्यांना ते चालतं. ठिपके थोडे गेले, थोडे राहिले. मग वैभव म्हणाला, "शेवटचं पाणी फिल्टरचं पाह्यजे."

दुसऱ्या दिवसापासून कॅनवाला आमच्याकडे एकाऐवजी तीन कॅन ठेवू लागला. आमच्यासाठी एकही नव्हता. आम्ही बोअरचंच पीत होतो!

चौथ्या दिवशी समोरच्या काकू कुंपणाशी आल्या. माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि सासूबाईंना हळूच विचारलं, "काहून वो, घरात तीन-तीन कॅन येऊन राह्यले. काही गोड बातमी हाय का? कार्यक्रम कधी हाय?"

सासूबाई एका हातानं पाइप धरून म्हणाल्या, "कायची बातमी, बापा! गाडीले न्हाऊ घालून राह्यलो."

काकू हिरमुसल्या. पण गल्लीत बातमी पसरायची ती पसरलीच. मारेगावपर्यंत गेली. माझ्या आईचा फोन आला, आधी आनंदात, मग नेहमीच्या आवाजात.

"बरं, ते जाऊ दे. दारापुढच्या नालीवर मी फरशी टाकून घेतली. आता गाडी आंगनात येते. कधी येऊन राह्यले तुमी?"

आईनं शेजारीपाजारी सांगून ठेवलं होतं, की आमचे जावई काळ्या गाडीनं येतात. जावई काळ्या गाडीनं अजून एकदाही आले नव्हते. मी म्हटलं, "येऊ ना, आई."

पुढच्या वेळीही गाडी पुसून नुकतीच उभी केली होती, आणि मारेगावच्या रस्त्यावर कोळशाचे ट्रक. मी बसनं गेले. स्टँडवरून चालत घरी पोचले आणि बॅग घेऊन त्या कोऱ्या फरशीवरून आत शिरले. आई माझ्या मागे रस्त्याकडे बघत होती. काही म्हणाली नाही. आमचं न बोलणं आनुवंशिक आहे.

*

पोळा आला. मामाजींनी बैलांची शिंगं घासली, त्यांना जवसाचं तेल चोळलं. शिंगं अशी तकतकली, की मामाजी हातातल्या चिंधीकडे आणि मग गाडीकडे बघू लागले. मला पुढचं दिसलं. सासूबाईंनाही दिसलं.

"नोको," त्या म्हणाल्या.

"अवं, घरचं तेल हाय! शुद्ध!"

आणि खरं सांगते, त्या संध्याकाळी गाडी जी दिसली तशी आधी कधीच दिसली नव्हती. बैल बघायला आलेले लोक गाडीभोवती उभे राहिले. एकानं विचारलं, "काकाजी, कोणत्या कंपनीचं?" मामाजी छाती काढून म्हणाले, "घरचं!"

अंगणात दिवा होता. दिवस पावसाळ्याचे. दिव्यावर आलेला प्रत्येक किडा बोनेटवर उतरला आणि तिथेच चिकटला. सकाळी बाहेर आलो तर गाडीवर किड्यांचा थर, आणि टपावर, बोनेटवर शेजाऱ्यांच्या पाच कोंबड्या! टकटक, टकटक, टोचून टोचून खाताहेत.

वैभव काठी घेऊन धावला. मामाजींनी त्याला हातानं थांबवलं. दोन मिनिटं कोंबड्यांचं काम निरखलं आणि म्हणाले, "थांब. साफ तर करून राह्यल्या!"

*

सगळ्यात दुःखाचा किस्सा कापसाचा.

दुकानदारानं वैभवला पॉलिश पुसायचा खास कापूस दाखवला, पुडीतला. वैभवनं घरी येऊन तसं सांगितलं मात्र, मामाजी पोट धरून हसले.

"कापसाच्या घरात कापूस इकत आणतं? लोकं थुकतीन आपल्यावर!"

पहिली वेचणी नुकतीच घरात आली होती. मामाजींनी ढिगातून बरोब्बर पांढराशुभ्र, लांब धाग्याचा कापूस निवडला. त्याचा मुठीएवढा गोळा केला आणि ड्रायव्हरच्या बाजूच्या दारावर, प्रेमानं, गोल गोल फिरवू लागले. बाळाला तेल लावावं तसं. अर्धा तास! मध्ये मध्ये कापसाची तारीफ चालू. "पाय, कसा लोण्यावानी हाय."

ऊन दारावर आलं तेव्हा दिसलं. ओरखडेच ओरखडे. गोलात गोल, गोलात गोल, कोणी सुईनं रांगोळी काढावी तशी.

वैभव खाली वाकला. "बाबा," तो हळूच म्हणाला, "सरकी."

मामाजींनी मूठ उघडली. कापूस चपटा झाला होता आणि त्यातून सरकीचे काळे टणक दाणे वर आले होते. वाळक्या पानाचा चुराही होता. ते मूठभर कापसाकडे पाहतच राहिले.

"चाळीस वर्षं झाले पेरून राह्यलो," ते म्हणाले, "कापसात सरकी असते हे मले आजच समजलं."

त्या दिवशी त्यांनी चहासुद्धा अर्धाच घेतला. मी नंतर गुपचूप त्या दारावरून हात फिरवून पाहिला. सहा महिन्यांत पहिल्यांदा मला गाडीबद्दल काही वाटलं. की मामाजींबद्दल, कोण जाणे.

*

मग रशीदभाई आले. आर्णीत त्यांचं डेंटिंग-पेंटिंगचं काम आहे, आणि ते कोणाच्या घरी जात नाहीत. मामाजींसाठी आले.

गाडीभोवती एक चक्कर मारून त्यांनी विचारलं, "काकाजी, आतापर्यंत काय काय लावलं?"

मामाजी प्रामाणिक माणूस. सगळं सांगितलं. पॉलिश, ते उन्हात. लिंबू. जवसाचं तेल.

रशीदभाई गंभीरपणे म्हणाले, "लिंबू झालं, तेल झालं. काकाजी, हे गाडी हाय का लोणचं?"

पण काम त्यांनी मन लावून शिकवलं. गाडी आधी सावलीत घेतली. दोन बादल्या ठेवल्या, एक साबणाची, एक फडकं खंगाळायची, म्हणजे निघालेली माती परत गाडीवर जात नाही. मग मऊ मातीच्या वडीसारखं काहीतरी ओल्या पत्र्यावर सरकवलं, आणि इतका कचरा निघाला की सासूबाईंना लाज वाटली. ओरखडे घालवायची पेस्ट, म्हणजे कंपाऊंड, एका वेळी हातभर जागेवरच, स्पंजनं. वॅक्स तर इतकं पातळ, की मामाजी म्हणाले, "अजून घ्या ना, आपल्या घरात कमी हाय का?"

"जेवढं कमी लावान, तेवढं चमकन," रशीदभाई म्हणाले. "आन कलर चामडीसारखा असते. रोज घासान तर एक दिवस हाडं दिसतीन. आता हिले घासू नका. फक्त धुवा आन फिरवा."

मामाजींनी त्यातलं 'घासू नका' घट्ट पकडलं. 'फिरवा' त्यांच्या कानापर्यंत पोचलंच नसावं. कारण रशीदभाई जाताच त्यांनी गाडीवर कव्हर घातलं, कव्हरवर चादर घातली आणि सगळ्यांना सांगितलं, "आता हिले कोणी हात लावाचा नाई!"

*

यंदा आमचा दिवाळसण होता. जावयाला सासरचं पहिल्या दिवाळीचं बोलावणं. आईनं आठ दिवस आधीपासून तीनदा फोन केला. गाडीचं तिनं तिन्ही वेळा विचारलं नाही. ते मला जास्त लागलं.

पाडव्याच्या सकाळी बॅगा दारात होत्या. वैभव पायरीवर बसून मोबाइलवर बसची वेळ बघत होता. माझ्याकडे न बघता म्हणाला, "पुढच्या वेळी नक्की. बाबाले मी सांगतो." हे तो मे महिन्यापासून सांगत होता.

तेवढ्यात मामाजींनी अंगणातून हाक दिली. "या रे सगळे! सणाच्या दिवशी एकदा पाहून घ्या!"

त्यांनी चादर काढली, कव्हर काढलं.

अशी चमक मी पाहिली नव्हती. वर वर तकतकणारी नाही. खोल, विहिरीच्या पाण्यासारखी. अंगणातलं कडुलिंबाचं झाड पानापानासकट बोनेटमध्ये उतरलं होतं.

मामाजी आधी पुढे झाले. बोनेटमध्ये बघून टोपी सरळ केली. मग सासूबाईंनी गाडीच्या दारात बघून कुंकू नीट केलं आणि नवी साडी खांद्यावर परत लावली. वैभव मोबाइल ठेवून आला, काचेखालच्या पत्र्यात बघत राहिला आणि ओरडला, "आई, माह्या डोक्यात पांढरा केस हाय!"

"दाखव!" करत सासूबाई त्याचं डोकं धरून गाडीवर वाकल्या. मामाजी हसू लागले. तिघंही हसत होते, गाडीतही आणि बाहेरही.

मामाजींचं लक्ष माझ्याकडे गेलं. मी बॅगांजवळच उभी होते.

"ये, पोरी. तू कायले लांब उभी? तू बी पाय स्वतःले."

मी गेले. वाकले. माझा चेहरा दिसला, त्याच्या मागे मामाजींचा, बाजूला सासूबाई आणि वैभव. चौघं. सगळे अगदी स्पष्ट.

"कशी झाली?" मामाजींनी विचारलं. त्यांच्या आवाजात परीक्षेला बसलेल्या मुलासारखं काहीतरी होतं. "खरं सांग हो!"

सगळे माझ्याकडे बघू लागले. मला वाटतं, ते मी मान हलवायची वाट बघत होते.

मी म्हटलं, "मामाजी, हिच्यात आपल्या सगळ्याइचं तोंड दिसलं. माह्या आईचंच राह्यलं. तिले बसनं इथं बलवू, का तुमी गाडी तिथं नेता?"