बलदियाच्या भिंतीवरली सनद

मी बलदियात गहवा देतो. बलदिया म्हणजे इकडची नगरपालिका. आमची अगदी लहान आहे. सौदीतल्या बुरैदा शहरापासून गाडीनं तासाभरावर खजुरीच्या बागा, बागांच्या मधोमध गाव आणि गावात हे दुमजली ऑफिस. सकाळी साडेसातला रईस येतात, म्हणजे बलदियाचे मुख्य साहेब, तेव्हा गहवा तयार लागतो. ही इकडची कॉफी. पिवळसर, वेलचीच्या वासाची, दूधसाखर काही नाही. किटली डाव्या हातात धरायची, कप उजव्या हातानं द्यायचा. पिणाऱ्यानं रिकामा कप हलवला की बास. नाही हलवला तर पुन्हा ओतायचा. काम एवढंच. एवढ्या कामावर मुलीचं नर्सिंग चाललंय आणि घरावर स्लॅब पडला. म्हणून सकाळी दार उघडताना मी बिस्मिल्ला म्हणतो ते नुसतं सवयीनं नाही.

माझ्या पॅन्ट्रीसमोरच्या भिंतीवर काचेच्या चौकटीत एक लांबलचक कागद आहे. वर मोहर, खाली आकडे घालून मजकूर. पाणी उकळेपर्यंत डोळ्यांसमोर दुसरं काही नसतं, त्यामुळं तो मी कित्येक वर्षं वाचत होतो. वाचत म्हणजे काय, रत्नागिरीकडच्या आमच्या गावात लहानपणी मदरशात अरबी वाचायला शिकलो तेवढं. शाळा आठवीत सुटली, पण कुराण मी आजही घडाघड वाचतो. अर्थ लागत नाही ही गोष्ट वेगळी. मदरशातल्या अक्षरांना जेर-जबर, म्हणजे वरखाली काना-मात्रांसारख्या खुणा, लावलेले असतात, म्हणून उच्चार कळतो. ह्या कागदावर तेही नव्हते. अक्षरं ओळखीची, उच्चार निम्मा अंदाजानं आणि अर्थ शून्य. ऑफिसात एवढ्या मानानं काचेत लावलंय म्हणजे दुआच असणार असं मी धरून चाललो. समोरून जाताना मान लववायचो, कधी तोंडातल्या तोंडात आमीनही म्हणायचो.

ते एक दिवस रेकॉर्डरूमच्या म्हाताऱ्यानं ऐकलं. हा इथलाच सौदी, निवृत्तीला आलेला, जुन्या फायली सांभाळतो. तरुणपणी हिंदी ड्रायव्हरांबरोबर काम केलं म्हणून मोडकी हिंदी बोलतो.

"आमीन कशाला?" त्यानं विचारलं.

"दुआ आहे ना."

तो एवढा हसला की डोक्यावरचा रुमाल घसरला. "या सदीक, अरे दोस्ता, ही दुआ नाही. बलदियाला काय करता येतं आणि काय नाही, ते लिहिलंय. तू कचरा उचलण्याला आमीन म्हणालास."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण त्यानं कोणाला सांगितलं नाही, उलट दुसऱ्या दिवशीपासून गहव्याच्या दुसऱ्या कपाबरोबर तो मला एकेक कलम सांगायला लागला. ज्या कागदासमोर मी एवढी वर्षं उभा होतो त्यात गावचं सगळं बिऱ्हाड भरलेलं होतं. रस्ते झाडणं, रस्त्यांना नावं नि घरांना नंबर देणं, बांधकामाची परवानगी, हॉटेलांचं स्वयंपाकघर तपासणं, बकरे कुठं कापायचे, मोकाट कुत्री, बागा, दिवे, कब्रस्तान. आमच्याकडं ह्याला सनद म्हणतील. गावाला दिलेली सनद.

मी आपला आमच्या ग्रामपंचायतीशी ताडून बघायचो.

"ह्यात पाणी कुठाय?" मी विचारलं. आमच्याकडं निवडणूक पाण्यावर होते, भांडण पाण्यावर होतं, पंचायत म्हटली की नळ आधी.

"पाणी दुसऱ्या खात्याचं."

"शाळा?"

"तीही दुसऱ्याची."

"दवाखाना?"

"तोही दुसऱ्याचा."

"मग तुमच्याकडं राहिलं काय?"

म्हातारा कपात बघत म्हणाला, "माणूस जन्मला तर दवाखान्याचा, शिकला तर शाळेचा. घराबाहेर पाय टाकला की आमचा. आणि मेला की पुन्हा आमचा."

मला भारी गंमत वाटायची. एवढ्या मोठ्या इमारतीलासुद्धा कोणीतरी सांगून ठेवलंय, इथपर्यंत तुझं, पुढं हात लावायचा नाही. मी समजत होतो माझ्यासारख्यालाच असं सांगतात.

ह्याच थंडीत चाचांना नोटीस आली.

चाचा म्हणजे माझे सख्खे चुलते नव्हेत. आमच्या शेजारच्या गावचे. इथं बलदियाच्या गावात त्यांची थोब शिवायची टपरीवजा टेलरिंगची खोली आहे. थोब म्हणजे इथले लोक घालतात तो पांढरा पायघोळ अंगरखा. मला ह्या देशात त्यांनीच आणलं. आलो तेव्हा पहिले दोन महिने स्वतः जमिनीवर झोपले आणि पलंग मला दिला. टायफॉइड झाला तेव्हा दुकान बंद ठेवून दवाखान्यात बसले. किटली कुठल्या हातात धरायची हेसुद्धा त्यांनीच शिकवलं, रिकामी तांब्याभांडी घेऊन. त्यांचं काम पडलं आणि मी नाही म्हटलं तर मी तोंड कुठं दाखवू?

दुकान अरुंद. दोन मशिनं आणि कापायचं टेबल ठेवलं की माणूस आडवा होऊन चालतो. म्हणून चाचांनी इस्त्रीचं टेबल बाहेर फूटपाथवर ठेवलेलं, वर पत्र्याचं शेड, शेडखाली गिऱ्हाइकांना बाकडं. सात-आठ वर्षं तसंच चाललं. आता इन्स्पेक्टरनं नोटीस चिकटवली. फूटपाथ मोकळा करा, नाहीतर दुकानाचं लायसन पुढं चालू होणार नाही. दुकान अर्थातच कफीलच्या, म्हणजे परक्या कामगाराची हमी घेणाऱ्या इथल्या मालकाच्या, नावावर. कफील म्हणाला, शेड गेलं तर एवढ्याशा खोलीत टेलरिंग कसलं करतोस, मी मोबाईलवाल्याला देतो जागा. आणि दुकान गेलं म्हणजे चाचांचा इकामा, इथं राहायचा परवाना, गेला, आणि इकामा गेला की खलास, गावी परत. गावी चाचांना आता कोण ओळखतं? दोन वर्षांतून एकदा जाणारा पाहुणा.

शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजानंतर आम्ही खोलीवर जेवायला बसलो होतो. सुरमईचं कालवण चाचांनीच केलेलं.

"तू रोज रईसला गहवा पाजतोस," चाचा म्हणाले. "एक शब्द टाक."

"चाचा, मी त्यांच्याशी बोलत नाय. ते कप हलवतात, मी जातो."

"मग हलवायच्या आत बोल."

आमच्या खोलीतला तिसरा, दापोलीकडचा, प्लंबिंगचं करतो, तो काटे काढता काढता म्हणाला, "आवो, हा काय बोलणार? हा भिंतीला आमीन म्हणणारा मानूस." हे मीच त्याला सांगितलं होतं, चूक माझीच.

"गावाला असतो तर सरपंचाच्या ओटीवर जाऊन बसलो असतो," चाचा म्हणाले. "च्या प्यालो असतो, तो म्हणाला असता बघतो. मिटलं."

मी शनिवारचा दिवस कसाबसा काढला आणि रविवारी ऑफिस उघडल्याबरोबर रेकॉर्डरूम गाठली. म्हाताऱ्यानं चष्मा लावून माझ्याबरोबर त्या कागदासमोर उभं राहून बोटानं ओळ दाखवली. रस्ता आणि फूटपाथ यांवरचं अतिक्रमण काढणं हा बलदियाचा अधिकार. स्वच्छ लिहिलेलं. पण त्याचं बोट तिथं थांबलं नाही, पुढल्या ओळीवर गेलं. फूटपाथची जागा अटी घालून वापरायला देणं हाही बलदियाचाच अधिकार.

"हे हॉटेलांच्या खुर्च्यांसाठी," मी म्हणालो. चौकातल्या कॉफीच्या दुकानाच्या बाहेर खुर्च्या असतात ते मी बघितलं होतं.

त्यानं ओळ पुन्हा वाचली, हळू. "दुकानं लिहिलंय. हॉटेल असं लिहिलेलं नाही." त्यालाही मजा वाटली असावी, कारण तो पुढं आणखी वाचत बसला. "अर्ज लायसनवाल्यानं करायचा. मग मोजणीवाला येणार, समिती बघणार. रईस एकटा काही देऊ शकत नाही."

"रईससुद्धा नाही?"

"रईससुद्धा नाही."

हे मी चाचांना जसंच्या तसं सांगितलं. कफीलनं अर्ज करायला पाहिजे, मोबाईलवरूनच होतो. चाचांनी हात झटकला. "तो? तो चहा प्यायला येतो नि जातो. त्याच्यानं काय होतंय?" आणि त्यांनी आम्हा कोकणातल्या माणसांना जे येतं ते केलं. सह्यांचा अर्ज. आमच्या गावात खांबावरच्या दिव्यासाठीसुद्धा समस्त ग्रामस्थ असं लिहून खाली पानभर सह्या नि अंगठे घेतात. एकट्या माणसाच्या कागदाला पंचायतीत कुणी विचारत नाही. तसा चाचांनी एका टायपिंगवाल्याकडून अरबीत अर्ज करून घेतला आणि रस्त्यावरच्या न्हावी, भाजीवाला, पंक्चरवाला, किराणावाला अशा सगळ्यांच्या सह्या घेतल्या. बांगलादेशी, पाकिस्तानी, केरळी, यमनी, सगळे होते. एकवीस सह्या.

तो कागद मी आधी घडी घालून खिशात लपवला. परक्या देशात, परक्या माणसांनी, सरकारी ऑफिसला मिळून सह्या करून कागद द्यायचा म्हणजे केवढा धोका, हे मला कोणी शिकवलेलं नव्हतं, पण कळत होतं. माझी कंपनी ठेकेदार कंपनी. रईसांनी नुसतं म्हटलं, हा माणूस बदला, की दुसऱ्या दिवशी दुसरा. पण चाचा समोर उभे होते आणि मला तो पलंग आठवत होता.

सकाळी मी कागद खजुराच्या बशीखाली घडी घालून ट्रेवर ठेवला.

रईसांनी पहिला कप घेतला. खजूर उचलला. कागदाचं टोक दिसलं तेव्हा माझ्याकडं न बघता त्यांनी तो ओढून उघडला. मी उभाच. त्यांनी कप हलवला नव्हता, त्यामुळं जाताही येईना. मी ओतला. ते वाचत होते. पुन्हा ओतला.

"ह्या सगळ्यांचं दुकान आहे ते?"

"नाही, साहेब. एकाचं."

"मग एवढ्या लोकांनी सह्या का केल्या?"

मला अरबी येते ती 'हे घे, ते ठेव' एवढी. तरी सांगितलं. आमच्या गावात एका माणसाची सही कोणी वाचत नाही, म्हणून सगळे करतात. त्यांच्या मनात वाईट काही नाही. सगळे चांगले लोक आहेत, साहेब. हे शेवटचं मी तीनदा म्हणालो असेन.

ते म्हणाले, "इथं उलटं आहे. एकच सही पाहिजे, मालकाची. आणि ह्या एकवीस जणांना कोणी विचारलं, तुम्ही काय मागताय, तर काय सांगतील?" त्यांनी कागद घडी घालून माझ्या हातात परत दिला. "हा मी बघितला नाही. तूही आणला नाहीस. आणि मला त्या शेडचं काही करता येत नाही. मला काय काय करता येतं ते बाहेर भिंतीवर लिहिलंय. त्यात शेड नाही."

मी हो म्हणालो. मला ठाऊक आहे असं म्हणायची हिंमत झाली नाही.

"गहवा आज कडक झालाय," ते म्हणाले आणि कप हलवला.

पॅन्ट्रीत येऊन मी बादली उलटी करून तिच्यावर बसलो. नोकरी गेली नव्हती. मग मोबाईल काढला, भिंतीवरल्या त्या दोन ओळींचा फोटो घेतला, आणि कमी नको म्हणून पूर्ण कागदाचाही घेतला.

दुपारी सुटल्यावर चाचांना घेऊन कफीलच्या बागेत गेलो. तो खजुरीच्या झाडांना पाणी सोडत होता. चाचा म्हणाले, अर्ज करा. तो म्हणाला, कटकट नको. तेव्हा मी फोटो पुढं केला. त्यानं दोन ओळी वाचल्या, भुवई उडवली, मग बोटानं फोटो मोठा करून वरपासून वाचायला लागला. पाटाचं पाणी भलत्याच सरीत गेलं तरी त्याचं लक्ष नाही.

"दिवे पण त्यांच्याकडंच?" त्यानं आम्हाला विचारलं. जसे काही आम्हीच बलदिया. "माझ्या फाटकासमोरचा दिवा दोन वर्षं बंद आहे. मी विजेच्या खात्याला फोन करून करून थकलो!"

"चुकीच्या दारात गेलात," चाचा म्हणाले. मी त्यांना कोपर मारलं.

पण कफील हसला. जन्मापासून ह्या गावात राहतो नि हे मला हिंदी कॉफीवाल्याकडून कळावं, म्हणाला. तिथंच बांधावर बसून त्यानं मोबाईलवर दोन अर्ज केले. आधी दिव्याचा, मग आमचा. आम्ही चिडलो नाही. करतोय हेच खूप.

मोजणीवाला आला तेव्हा मी ऑफिसात होतो. चाचांनी फोनवर सगळं सांगितलं, धावतं समालोचन. टेप लावला. लिहून घेतलं. आता पुन्हा लावला. समितीचा निर्णय यायला काही दिवस गेले, तेवढ्यात चाचांनी तीनदा बॅग भरून तीनदा उपसली. मग निर्णय आला तो असा. पत्र्याचं शेड काढायचं, त्याजागी गुंडाळता येणारं कापडी छत चालेल. बाकडं चालेल, पण भिंतीला लागून ठरवून दिलेल्या रुंदीत. विजेची इस्त्री उघड्यावर मुळीच नाही.

लायसन चालू झालं. चाचा राहिले.

"इस्त्री नेली ना पण," चाचा मला म्हणाले. आभार असे ते कधी मानत नाहीत. एक मशीन त्यांनी विकलं आणि त्या जागी इस्त्रीचं टेबल आत ओढलं. दुपारी त्या मशिनसमोर आडवं व्हायची त्यांची जागाही त्यात गेली. आता ते बाहेर बाकड्यावर टेकून डुलकी काढतात. हे अटींमध्ये बसतं का ते मी अजून रेकॉर्डरूममध्ये विचारलेलं नाही, आणि विचारणारही नाही.

फूटपाथवर बलदियानं पिवळ्या रंगाची एक रेघ मारून दिली आहे. परवा मी गेलो तर एक जाडजूड गिऱ्हाईक थोबाचं माप द्यायला बाकड्यावर बसलेलं. पाय पसरले होते ते रेघेच्या पलीकडं गेलेले. चाचा तोंडात टाचण्या धरून बाहेर आले, त्याच्या वहाणांकडं बघितलं आणि टाचण्या काढून अरबीत म्हणाले, "भाऊ, पाय आत घ्या. तिकडची जागा गावाची आहे."

त्यानं पाय आत घेतले.