आधी स्वतःचा मास्क

जमिनीवर धावणाऱ्या विमानात ऑक्सिजनचा मास्क लावून बसलेला आमच्या घराण्यातला पहिला माणूस मी. (पहिला पदवीधरही मीच.)

धाकटा भाऊ फौजेत. त्याच्या मुलीच्या बारशासाठी आई-आबांना दिल्लीला विमानानं न्यायचं मी ठरवलं. आबा कुरकुरले. "येकदा बसतो. पर काळजात धस्स झालं, तर येताना रेल्वे." रेल्वेचा तेवढा लांबचा प्रवास आईच्या गुडघ्यांना झेपणारा नव्हता. तेव्हा आबांना घाबरू द्यायचं नाही, ही जबाबदारी माझी.

मलकापुरात घरीच तालीम घेतली. कपड्यांच्या दोरीला प्लास्टिकचे पेले टांगले आणि सांगितलं, "मास्क खाली आला की ओढायचा, नाकातोंडावर लावायचा. आधी स्वतःला, मग दुसऱ्याला."

आईनं पेला हातातच धरला. "म्हंजी ह्यांच्या आदी मी?"

"नियम आहे, आई."

"असंल. पर बरं दिसत न्हाई."

विमानात आई खिडकीशी, आबा मध्ये, त्यांच्या कडेला एक अनोळखी गृहस्थ आणि वाटेच्या पलीकडं मी. आईनं त्या गृहस्थांना दशमी आणि शेंगदाण्याची चटणी खाऊ घातली. म्हणजे ते आता पाहुणे झाले.

दिल्लीला उतरताना विमान असं आदळलं, की डोक्यावरची झाकणं उघडून मास्क लोंबू लागले. मी झटक्यात मास्क ओढला, लावला आणि डोळे मिटून लांब श्वास घेऊ लागलो. तालीम कामी आली!

पलीकडून आईचा आवाज आला, "आवं, आदी पाव्हण्यास्नी द्या."

"घ्या की वो," आबांनी मास्क पुढं केला.

"छे छे, आधी तुम्ही. वडीलधारे आहात."

"आमचं काय, हुतंय सावकाश. तुमी लाजू नगा."

मास्क तिघांत फिरत राहिला, लावेना कुणीच. "आधी स्वतःला!" मी ओरडलो. मास्कबाहेर नुसतं "ऊं ऊं" गेलं.

आईनं वाकून पाहिलं. "आवं, संज्याला काय झालं?"

विमान थांबल्यावर हवाई सुंदरीनं माझा खांदा हलवला आणि आपण मघाशीच उतरलोय, असं हळूच सांगितलं. मी मास्क काढला. गालांवर वळ उमटले होते.

आबा मात्र खुशीत होते. "लय झ्याक हाय इमान. माघारी बी इमानानंच जाऊ."

मला भरून आलं.

"फकस्त ह्येला लांबच्या रांगंत बसव," ते आईला म्हणाले. "ह्येच्याकडं बघून धस्स हुतंय."